अकस्मात मृत्यूच्या चौकशीला स्वतंत्र अधिकारी द्या: राज्याच्या तीन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. गृहमंत्री, मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय: अकस्मात मृत्यूंच्या चौकशीसाठी पोलिसांपासून स्वतंत्र अशी जिल्हास्तरीय यंत्रणा

महोदय,

मुंबईतले कॉरोनरचे पद राज्याने 1999 मध्ये मोडीत काढले. 1871 च्या कायद्याखाली चालणारे हे पद राज्यात मुंबईपुरतेच होते. ठाण्याची खाडी ओलांडली की तेव्हाही सगळे पोलिसांकडेच असायचे. अपघात, आत्महत्या, खून, कारण न कळता अचानक आलेले मरण किंवा तुरुंगातला मृत्यू, यांची खबर मिळाली की कॉरोनरने चौकशी घ्यायची, साक्षीदारांना शपथेवर विचारायचे आणि मृत्यू कशाने झाला ते लिहून द्यायचे. कोणाला शिक्षा करणे त्याच्या अखत्यारीत नव्हते. पोलीस तपास चालू असताना ही दुसरी चौकशी कशाला, असे तेव्हा वाटले असेल तर ते समजण्यासारखे आहे, आणि तेच पद जसेच्या तसे परत आणा असे आम्ही म्हणत नाही. मात्र पदासोबत एक तत्त्वही गेले: मृत्यूचे कारण शोधणारा माणूस आणि गुन्हेगार शोधणारा माणूस वेगळे असावेत. पाव शतक उलटून गेले, ते काम राज्याने कोणाकडेच दिलेले नाही.

हे पत्र लिहिणारे आम्ही न्यायवैद्यकशास्त्र, पोलीस तपास आणि फौजदारी वकिली या तीन क्षेत्रांतले आहोत. एकाच मृत्यूची कागदपत्रे तीन टेबलांवरून पाहतो, म्हणून एकत्र लिहीत आहोत.

आज काय होते ते आधी सांगतो. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, म्हणजे आपल्या बोलण्यातली एडीआर किंवा मर्ग. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 प्रमाणे ठाण्याचा अधिकारी जवळच्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवतो, जागेवर जातो, परिसरातल्या दोन किंवा अधिक प्रतिष्ठित व्यक्तींसमोर मरणोत्तर पंचनामा करतो, जखमा, मोड, खरचटणे लिहितो आणि मृत्यूचे दिसणारे कारण नोंदवतो. अहवाल 24 तासांत जिल्हा किंवा उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे गेला पाहिजे. ग्रामीण भागात तो प्रांतांच्या टेबलावरच्या जमीन, निवडणूक आणि टंचाईच्या फायलींत जाऊन बसतो. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत तर कार्यकारी दंडाधिकाऱ्याचे अधिकार सहायक पोलीस आयुक्तांकडे असतात. म्हणजे पोलिसाने केलेली चौकशी पोलिसानेच तपासायची आणि त्याच्याच सहीने एडीआरची समरी, म्हणजे प्रकरण बंद करण्याचा अहवाल, मंजूर व्हायची. यात कोणाच्या प्रामाणिकपणावर आमचा आक्षेप नाही. रचनाच अशी आहे की दुसरी नजर कुठेच पडत नाही.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी गेले पाहिजे आणि चित्रीकरण झाले पाहिजे, असे कलम 176 सांगते. पण एडीआरमध्ये गुन्हाच नोंदलेला नसतो. ज्या मृतदेहाबद्दल कोणालाच काही ठाऊक नाही, जिथे तज्ज्ञ डोळ्यांची सर्वांत जास्त गरज आहे, तिथे ते कलम लागूच होत नाही. आधी खून आहे असे वाटायला हवे, मग तज्ज्ञ येणार; आणि खून आहे की नाही हे सांगायला तर तज्ज्ञ हवा. या एका फटीतून किती प्रकरणे निसटत असतील याचा आपल्या विभागाने विचार करावा.

कारण पंचनाम्यात चुका होतात त्या ठरावीकच आहेत. मृतदेहाच्या खालच्या बाजूला साचलेल्या रक्ताचा जांभळट रंग 'मारहाणीचे व्रण' म्हणून लिहिला जातो. मुंग्यांनी कुरतडलेली कातडी 'खरचटलेली जखम' होते. कुजताना नाकातोंडातून येणारा लालसर द्रव 'रक्तस्राव' ठरतो. जळालेल्या देहावर उष्णतेने कातडी फाटते, ती शस्त्राची जखम वाटते. उलटही तितकेच घडते: कपडे न काढताच 'अंगावर जखमा दिसून आल्या नाहीत' असे लिहून पंचांच्या सह्या घेतल्या जातात. गळफासाच्या प्रकरणात दोर गाठीवरच कापला जातो. वास्तविक गाठ अखंड ठेवून दोर तिच्यापासून दूर कापायचा आणि कापलेली टोके दोऱ्याने बांधून ठेवायची असतात, कारण गाठीचा प्रकार, तिची जागा आणि गळ्यावरच्या वळाची दिशा यांवरूनच माणूस लटकला की त्याचा गळा आवळला गेला हे ठरते. हात कागदी पिशवीत बांधायचे असतात, ते प्लास्टिकमध्ये बांधले की ओल धरते आणि नखांखालचा पुरावा कुजतो. रक्ताळलेले कपडे सावलीत वाळवल्याशिवाय बांधले की त्यांवर बुरशी चढते.

मृत्यूच्या वेळेबद्दल तर बोलायलाच नको. पहिल्या काही तासांत शरीराचे तापमान, खोलीचे तापमान आणि ताठरपणा कुठवर आला आहे, एवढी नोंद जागेवर झाली तर वेळेचा अंदाज बांधता येतो. आपल्या हवेत ताठरपणा एक-दोन तासांत सुरू होतो, बारा तासांच्या आसपास पूर्ण होतो आणि उन्हाळ्यात दीड दिवसाच्या आत उतरतो. पंचनाम्यात तापमानाचा रकानाही नसतो. मृतदेह शवागारात पोचून शीतपेटीत गेला की ही माहिती कायमची हातची जाते, मग न्यायालयात डॉक्टरला तासन्‌तास प्रश्न विचारून उपयोग नाही.

आता शवविच्छेदन. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक विभाग असतो. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात तेच काम ओपीडी, बाळंतपणे आणि तातडीचे रुग्ण सांभाळणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडे येते. त्याने न्यायवैद्यकशास्त्र एमबीबीएसच्या वर्गात शिकलेले असते आणि शवविच्छेदने बहुधा लांबून पाहिलेली असतात. प्रत्यक्ष कापण्याचे काम सफाई कामगार करतो. कवटी अनेक ठिकाणी अजून हातोडी-छिन्नीने उघडली जाते. क्षयरोग आणि कावीळ यांचा धोका असलेल्या या कामाला जाड हातमोजे, तोंडावर नीट बसणारा मास्क आणि हवा खेळती ठेवणारा पंखा इतकेही मिळत नाही. त्या माणसाला आपण शवविच्छेदन साहाय्यक असे पद, प्रशिक्षण आणि लसीकरण द्यायला हवे, हा आमच्या मागण्यांतला सगळ्यांत स्वस्त भाग आहे.

अहवालाच्या शेवटी 'हृदय व श्वसनक्रिया बंद पडल्याने मृत्यू' असे लिहिलेले आम्ही सतत वाचतो. प्रत्येक मृत्यूत हृदय आणि श्वास थांबतातच. ते कशामुळे थांबले हे कारण. या एका ओळीची किंमत कुटुंबे मोजतात. शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाल्यास राज्य सरकार वारसांना दोन लाख रुपये देते. त्यात सर्पदंश येतो, पण विच्छेदनात दंशाची खूण शोधलीच नाही आणि कारणाच्या रकान्यात वरचे वाक्य आले, तर विधवेचा अर्ज परत येतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत, घोट्यामागे, केसांत भिंग घेऊन बघावे लागते. दंशाभोवतीची कातडी आणि तुलनेसाठी दुसऱ्या बाजूची कातडी काढून राखावी लागते. मण्यार चावली असेल तर सूजही नसते, त्यामुळे रात्री जमिनीवर झोपला होता का, पहाटे पोटात दुखले का, पापण्या जड झाल्या का, हे घरच्यांना विचारावे लागते. नेहमीच्या रासायनिक तपासणीत सापाचे विष सापडत नाही. म्हणून 'सीए रिपोर्ट निरंक', म्हणजे रासायनिक विश्लेषकाला काही सापडले नाही, याचा अर्थ साप चावला नाही असा होत नाही. हे समजणारा माणूस त्या साखळीत कुठेतरी असायला नको का?

व्हिसेराचे, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी राखून ठेवायच्या अवयवांचे, तेच. पोट आणि त्यातला ऐवज, लहान आतड्याचा वरचा साधारण 30 सेंटिमीटर भाग, अर्धा किलो यकृत, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा अर्धा भाग. हे मिठाच्या संपृक्त द्रावणात. संपृक्त म्हणजे तळाशी मीठ न विरघळता उरलेले दिसले पाहिजे; चमचाभर मीठ टाकलेले पाणी म्हणजे अवयव कुजवण्याची सोय. बाटली दोन तृतीयांशच भरायची, नाहीतर वायू साचून ती फुटते. बहुतेक आम्ले किंवा बचनाग यांचा संशय असेल तर मीठ चालत नाही, स्पिरिट लागते. सोबत वापरलेल्या द्रावणाचा कोरा नमुना पाठवायचा. रक्त 10 ते 20 मिलिलिटर, मांडीच्या शिरेतून, आणि त्यात दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम सोडियम फ्लोराइड. छातीच्या पोकळीत साचलेले रक्त साध्या बाटलीत भरून उन्हातल्या जीपमध्ये फिरवले तर जिवाणू त्यातच अल्कोहोल तयार करतात. मग आयुष्यात दारूला न शिवलेला माणूस अहवालात 'मद्यप्राशन केलेला' ठरतो आणि विमा कंपनी अपघाताचा दावा फेटाळते. पोलिसांच्या सोबतच्या पत्रात 'कोणत्या विषाचा संशय' हा रकाना रिकामा असला की कलिना, पुणे किंवा नागपूरच्या प्रयोगशाळेला सरसकट चाळणी लावावी लागते, आणि आधीच तुंबलेले काम आणखी तुंबते. बाटल्या ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहतात कारण त्या घेऊन जाणारा अंमलदार बंदोबस्तावर असतो. तोवर कुटुंबाच्या हातात 'अंतिम मत राखून ठेवले आहे' एवढाच कागद.

या सगळ्या चुका माणसांना वाईट ठरवून सुटणार नाहीत. उपनिरीक्षकाला एकाच दिवशी चोरी, मोर्चा, न्यायालयाची तारीख आणि झाडाला लटकलेला देह हे सगळे सांभाळायचे असते. त्याला मृत्यूचे कारण शोधायला नेमलेलेच नाही. सर्वोच्च न्यायालयानेही पंचनाम्याची व्याप्ती मर्यादित असल्याचे वारंवार सांगितले आहे: मृत्यू कोणत्या दिसणाऱ्या कारणाने झाला एवढेच त्याने पाहायचे.

कोठडीतल्या मृत्यूंबाबत कायद्याने वेगळी वाट केली आहे. 2005 च्या दुरुस्तीपासून ही चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करायची, आता कलम 196 खाली. शवविच्छेदनाचे चित्रीकरण करावे असे राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने 1995 मध्येच सांगितले. पण दंडाधिकाऱ्याने अहवाल दिल्यावर पुढे काय, हे कलम सांगत नाही. परभणीच्या डिसेंबर 2024 मधल्या प्रकरणात पोलिसांवर गुन्हा नोंदवण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचा आदेश लागला. प्रत्येक आईला उच्च न्यायालय गाठता येत नाही. विच्छेदनाच्या पद्धतीतही हयगय चालते: सावळ्या कातडीवर मुका मार वरून दिसत नाही. पाठ, कुल्हे, मांड्या आणि तळपाय यांची कातडी उभे छेद देऊन उलटावी लागते, तेव्हा स्नायूंतले रक्त दिसते. काही व्रण दुसऱ्या दिवशी अधिक स्पष्ट होतात, म्हणून 24 तासांनी देह पुन्हा बघावा. कॅमेरा मात्र दाराशी उभा राहून डॉक्टरची पाठ टिपतो.

इंग्लंडकडे आम्ही बोट दाखवतो ते तिथल्या अनुभवासाठी. तिथे कॉरोनर आठशे वर्षांहून जुना आहे, तरीही हॅरोल्ड शिपमन नावाच्या डॉक्टरने वर्षानुवर्षे आपल्याच वृद्ध रुग्णांना मॉर्फिन वर्गातली औषधे टोचून मारले आणि मृत्यूची प्रमाणपत्रेही स्वतःच लिहिली. जानेवारी 2000 मध्ये तो 15 खुनांसाठी दोषी ठरला. नंतरच्या न्यायिक चौकशीने बळींची संख्या 215 अशी निश्चित केली. नैसर्गिक म्हणून सांगितलेला मृत्यू कॉरोनरपर्यंत पोचतच नव्हता, हे तिथले भगदाड होते. 2009 चा नवा कायदा झाला, मुख्य कॉरोनर आला आणि सप्टेंबर 2024 पासून कॉरोनरकडे न जाणारा प्रत्येक मृत्यूही उपचार न केलेल्या स्वतंत्र डॉक्टरच्या नजरेखालून जातो. सुधारणेला इतकी वर्षे लागली, हेही लक्षात घ्यावे. नुसते पद पुरत नाही. त्याच्यापर्यंत काय पोचते आणि त्याच्याकडून बाहेर काय जाते, यावर सगळे अवलंबून.

बाहेर जाणाऱ्या गोष्टींत एक अशी आहे जी आपण उद्या उचलावी. चौकशीत कॉरोनरला असे दिसले की हीच परिस्थिती राहिली तर आणखी माणसे मरतील, तर त्याने संबंधित रुग्णालयाला, पालिकेला, कंपनीला किंवा मंत्रालयाला लेखी अहवाल पाठवलाच पाहिजे. त्यांना 56 दिवसांत उत्तर द्यावे लागते: काय करणार, कधी करणार, किंवा का करणार नाही. अहवाल आणि उत्तर दोन्ही सर्वांना वाचायला मिळतात. दोष कोणाचा, नुकसानभरपाई किती, यात तो पडत नाही.

महाराष्ट्राला याची गरज किती आहे ते 2021 या एका वर्षात दिसले. 9 जानेवारीला भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून 10 बाळे गेली. एप्रिलमध्ये विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. 6 नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागून 11 रुग्ण दगावले. चौकशी समित्या नेमल्या गेल्या, निलंबने झाली, अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. मात्र भंडाऱ्यात नेमके काय जळाले, कुठली तार, कुठले यंत्र, धूर बाहेर का गेला नाही, दार का उघडले नाही, हे राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयाच्या टेबलावर ठरलेल्या मुदतीत गेले आणि प्रत्येकाने उत्तर दिले, अशी सक्ती करणारी कोणतीच तरतूद आपल्याकडे नव्हती आणि आजही नाही. यवतमाळमध्ये 2017 च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधेने वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. ते वेगवेगळ्या ठाण्यांत वेगवेगळ्या एडीआर होते. पहिल्या तीन मृत्यूंनंतरच ते एकत्र वाचणारा एक अधिकारी जिल्ह्यात असता, तर औषधांची मिश्रणे, पंपाचे फवारे आणि माणसाच्या डोक्यापेक्षा उंच वाढलेली कपाशी यांबद्दलचा इशारा कृषी विभागाला किती आधी गेला असता!

म्हणून आमचे म्हणणे असे. प्रत्येक जिल्ह्यात पूर्ण वेळ मृत्यू अन्वेषण अधिकारी नेमा. तो न्यायवैद्यकशास्त्रातला पदव्युत्तर डॉक्टर असावा, त्याची नेमणूक आणि गोपनीय अहवाल गृह विभागाकडे नसावेत, आणि त्याच्या निष्कर्षावर देखरेखीला निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या दर्जाचा एक राज्यस्तरीय प्रमुख असावा. अकस्मात मृत्यूची खबर ठाण्यातून त्याला एका तासात जावी. जागेवर जायचे की नाही हे त्याने ठरवावे, पोलिसांनी नव्हे. चोवीस तास एक डॉक्टर उपलब्ध ठेवायला रजा धरून पाच माणसे लागतात. हा आकडा अर्थसंकल्पात प्रामाणिकपणे धरावा, नाहीतर एकाच माणसाच्या नावावर 'चोवीस तास सेवा' लिहून योजना पहिल्याच वर्षी मरेल. सोबत एक गाडी आणि एक पेटी: तापमापक, कागदी पिशव्या, फ्लोराइडच्या नळ्या, रुंद तोंडाच्या बाटल्या, मोहोरेची लाख, मोजपट्टी, कॅमेरा. ग्रामीण रुग्णालयातली विच्छेदने टप्प्याटप्प्याने जिल्हा केंद्रात आणा आणि मृतदेह नेण्या-आणण्याचा खर्च शासनाने उचला; तो कुटुंबावर टाकला तर लोक विच्छेदनच टाळतील. गडचिरोली, नंदुरबार आणि कोकणातल्या दूरच्या तालुक्यांसाठी उपकेंद्र ठेवावेच लागेल, कारण भामरागडहून देह गडचिरोलीला नेणे पावसाळ्यात अनेकदा शक्यच नसते.

व्हिसेरा तीन दिवसांत प्रयोगशाळेत पोचावा आणि तो नेणारा माणूस अन्वेषण कार्यालयाचा असावा. कोठडीतला मृत्यू असेल तर विच्छेदन दुसऱ्या जिल्ह्यातल्या दोन डॉक्टरांनी करावे. सहा महिन्यांवर लांबलेल्या प्रत्येक चौकशीचे कारण राज्य प्रमुखाला लेखी द्यावे लागावे. नातेवाइकांना पहिल्या दिवशी एका अधिकाऱ्याचे नाव आणि क्रमांक मिळावा, विच्छेदनाची प्रत अर्जाविना मिळावी, आणि शेवटी साध्या मराठीत एक पानभर लिहून मिळावे: कोण, कधी, कुठे, कशाने. आज 'मेंदूतील अंतर्गत रक्तस्राव, इतर बाबी अनुषंगिक' असा कागद हातात देऊन आपण बापाला घरी पाठवतो.

फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे, त्यामुळे कलम 194 मध्ये राज्यापुरती दुरुस्ती विधिमंडळ करू शकते. राष्ट्रपतींची संमती लागेल. त्याला वेळ जाईल. पण पंचनाम्याच्या नमुन्यात तापमानाचा आणि कपडे काढून पाहिल्याचा रकाना, संशयित विषाचा रकाना भरण्याची सक्ती, साहाय्यकांचे पद, विच्छेदनाची प्रत देण्याची मुदत आणि आणखी मृत्यू टाळण्यासाठी पाठवायच्या प्रतिबंधक अहवालांना 56 दिवसांत उत्तर देण्याचे बंधन शासकीय रुग्णालयांपुरते तरी, हे सारे शासन निर्णयाने होऊ शकते. मुंबई आणि आणखी तीन जिल्हे, त्यांत एक विदर्भातला, अशी सुरुवात करावी.

तोपर्यंत एक गोष्ट कृपया या महिन्यातच करा. राज्यातल्या प्रत्येक ठाण्याकडून एक वर्षाहून जुन्या प्रलंबित एडीआरची यादी मागवा, आणि तीत तीनच रकाने ठेवा: व्हिसेरा कधी पाठवला, अहवाल कधी आला, कुटुंबाला शेवटचे कधी कळवले. ती यादी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात सभागृहाच्या पटलावर ठेवावी, ही विनंती.

कळावे.

आपले विश्वासू,
न्यायवैद्यकशास्त्र, पोलीस तपास आणि फौजदारी वकिली या क्षेत्रांत काम करणारे आम्ही